आईचा दुधाचा चहा
गुळाच्या चहाचा वास आला की नव्वद सालानंतरची, साताऱ्याजवळच्या आमच्या गावातली एक सकाळ आठवते. म्हशीचं दूध डेअरीला जायचं, म्हणून आई पाण्यात चहापूड आणि गूळ उकळून कोराच चहा प्यायची. वडील फौजेतून निवृत्त होऊन नुकतेच घरी आले होते. त्या सकाळी तेच स्टोव्हपुढं बसले, आलं ठेचून घातलं, दूध ओतून चहा दाट होईपर्यंत उकळला आणि आईला म्हणाले, "तुला साखर किती लागती?" आई म्हणाली, "मला काय ठावं? दुधाचा कवा पिलाय मी?" वडिलांनी थोडी साखर घालून कप पुढं केला आणि ती घोट घेईपर्यंत बघत राहिले. "आजून जरा घाला," आई म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं होऊनही ती दोघं तेव्हा कुठं एकमेकांना ओळखू लागली होती, हे मला आता, दोघंही नसताना कळतं.