पश्चिमेच्या राखणदाराचा नारळ

माझे सासरे या बेटावर उतरले त्याच दिवसापासून परत निघाले होते. उसाच्या मळ्यावरचा पहिला करार संपला, दुसरा झाला, तोही संपला, आणि ते अजून निघतच होते. संध्याकाळी आमच्या झोपड्यांच्या रांगेपुढच्या फणसाखाली बसून ते या देशाचे दोष सांगत. आमच्या लोकांच्या तोंडी या बेटाचं नाव मोरस. "मोरसचा सूर्यसुद्धा उलटा," ते म्हणायचे. "समुद्रातून उगवतो आणि डोंगरात बुडतो. कोकणात बघा, दिवसभर तापून झाला की सरळ समुद्रात उतरतो. शहाणा आहे."

आमचा मळा प्लेन मान्येन गावाच्या बाजूला, म्हणजे समुद्र आमच्या पूर्वेला. सूर्याचा त्यात काही दोष नव्हता, पण हे त्यांना सांगणार कोण? मी तर नाहीच. मी त्यांना मामा म्हणत असे आणि त्यांच्यापुढे मान खाली घालून बसत असे. माझा स्वभावच तसा आहे. कुणी ओरडलं की मला वाटतं चूक माझीच असेल, आणि कुणी नाही ओरडलं तर वाटतं, अजून कळली नसेल.

त्यांचा सगळ्यांत मोठा आरोप मात्र वेगळा होता. या देशाला राखणदार नाही. कोकणात प्रत्येक गावाला, वाडीला, ओढ्याला आपला राखणदार असतो. कुणाची मूर्ती, कुणाचा नुसता पाषाण. वर्षाला एक नारळ आणि एक गाऱ्हाणं, एवढ्यावर तो शिवेवर उभा राहून माणसं आणि गुरं सांभाळतो. "इथे शीव आहे, पण उभा कोण आहे?" मामा विचारत. "मुकादम. मुकादमाच्या भरवशावर माणसाने मरायचं काय?"

त्या वर्षी त्यांनी खरंच परतीच्या जहाजावर नाव घातलं. नव्या वर्षानंतर जहाज सुटणार होतं. सगळी रांग त्यांना भेटायला येऊन गेली. कुणी गावच्या ग्रामदेवीला निरोप दिला, कुणी भावाला शिवी पाठवली. मामा सगळं ऐकून घेत आणि मान डोलावत. माझी बायको मात्र घरातून बाहेर येईना. तिची आई आधीच गेलेली. बाप समुद्रापलीकडे गेला की तो पुन्हा दिसणार नव्हता, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

एके दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "बाबांनी हा देश पाहिलाच नाही."

"इतकी वर्षं राहिले की," मी म्हणालो.

"ऊस पाहिलाय. ऊस म्हणजे देश नव्हे. तुम्ही तरी काय पाहिलंय?"

मी काहीच पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मुद्दाम. लहानपणी आईबरोबर मी इथे आलो. बोटीतून उतरताना समोरचे डोंगर असे निळे आणि टोकदार उभे होते की मी टाळ्या वाजवल्या. आई रडत होती. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तेव्हापासून या बेटावर काही सुंदर दिसलं की मी नजर खाली घालायचो. दुसऱ्याच्या घरी जेवताना आईच्या हातच्या जेवणापेक्षा चांगलं लागावं, तसं वाटायचं.

"नव्या वर्षाच्या सुट्टीत बाबांना पश्चिमेला घेऊन जाऊ," बायको म्हणाली. "तिकडे सूर्य समुद्रात बुडतो. एकदा बघू देत. मग जायचं तर जाऊ देत."

सुट्टी होती, पण ती रांगेत बसून राहण्याची. मळ्याबाहेर जायचं तर पास लागे. त्यासाठी मी मुकादमाकडे गेलो आणि खरं तेच सांगितलं, की आम्हाला देश बघायचा आहे. मुकादम इतका हसला की त्याची चिलीम विझली. देश बघायला मिस्ये, म्हणजे गोरे मालक जातात, घोडागाडीतून, टोपी घालून. तू काय बघणार? आणि बघितलास तर त्याचं काय करणार?

मी परत आलो तशी बायकोने पीठ झटकलं आणि स्वतः गेली. ती सांगत असताना मी मागे उभा होतो, म्हणून तिचा एकेक शब्द मला आठवतो.

"दादा, बाबांचा नवस आहे. पश्चिमेच्या समुद्रावर आमच्या लोकांचा राखणदार आहे. देश सोडायच्या आधी त्याला नारळ द्यावा लागतो. नाही दिला तर ज्याने अडवलं त्याच्या गुरांना रोग लागतो."

मुकादमाचे दोन बैल होते. संध्याकाळच्या आत पास आला.

मी बायकोपाशी कुरकुरलो. देवाच्या नावाने खोटं. त्यातही जो देव नाहीच, त्याच्या नावाने. त्याच्याकडे माफी तरी कशी मागायची? बायको म्हणाली, "नाही ना? मग रागवेल कोण?" आणि कांदा चिरायला बसली.

पण मुकादमाने जाता जाता मामांना नवसाबद्दल दोन चांगले शब्द सांगितले होते. निघायच्या पहाटे मामा धुतलेलं मुंडासं बांधून दारात उभे. काखेत पंच्यात बांधलेला नारळ.

"जावयबापू," ते शांतपणे म्हणाले, "आपला राखणदार सापडला आणि तुम्ही मला बोललाही नाहीत."

मी बायकोकडे पाहिलं. ती गाठोडं आवळत होती.

तेव्हा आगगाडी नव्हती. थोडं एका ओळखीच्याच्या बैलगाडीतून, बाकी सगळं चालत, असे आम्ही दक्षिणेच्या किनाऱ्याने पश्चिमेकडे निघालो. ऊस मागे पडला तसा समुद्र पुढे आला. त्या बाजूला काही ठिकाणी लाटा अडवणारा पाण्यातल्या खडकांचा बांध नाही. लाट सरळ कड्यावर येऊन फुटते आणि तिचा धूर वरपर्यंत उडतो. आम्ही उभे राहिलो. माझी मान खाली जायची ती त्या दिवशी जाईना.

"आमच्याकडच्या लाटा याहून मोठ्या," मामा म्हणाले.

"हो तर," बायको म्हणाली. "आणि कडे?"

"कडेही मोठे."

"मग बाबा, तुम्ही ओले कसे झालात? लहान लाटेने?"

मामांनी मिशीवरचं पाणी पुसलं आणि पुढे चालू लागले. एका ओढ्यावर ते ओंजळीने पाणी प्यायले, पुन्हा प्यायले आणि डोळे मिटून म्हणाले, "वा."

"काय म्हणालात बाबा?"

"काही नाही. ढेकर होती."

लाल फुलांच्या झाडांखालून जाताना त्यांच्या मुंडाशावर पाकळ्या पडल्या, त्या त्यांनी झटकल्या नाहीत. लांब पांढऱ्या शेपटाचा एक पक्षी दरीवरून फिरत होता. आमच्याकडे तर याला दोन शेपट्या असतात, असं सांगून ते बराच वेळ मान वर करून त्याच्याकडे बघत राहिले. पुढे एका माकडाने आमचा गुळाचा खडा पळवला. मामांनी त्याला मालवणीत अशा शिव्या दिल्या की ते फांदीवर बसून ऐकतच राहिलं. "हे आपल्याकडचं दिसतंय," मामा म्हणाले. या बेटावरच्या कशालाही त्यांनी दिलेली ती पहिली मान्यता.

माझे मात्र हाल चालले होते, कारण वाटभर ते मलाच विचारत.

"जावयबापू, तोंड कुणीकडे आहे राखणदाराचं?"

"समुद्राकडे असावं, मामा."

"असावं? बरं. मिशा आहेत?"

"पाषाण आहे, मामा."

"पाषाणालाही मिशा असतात आमच्याकडे. नारळावर भागतं, की कोंबडा मागतो?"

"नारळावर," मी घाईने म्हणालो. कोंबड्याचीही फसवणूक माझ्या माथी नको होती.

"गरीब आहे बिचारा," मामा म्हणाले. बायको मागे राहून पदरात तोंड खुपसून चालत होती. मी तिला हळूच म्हणालो की आता सांगून टाकूया. ती म्हणाली, "सूर्य बुडू दे. मग सांगा."

वाटेत एका बागवानाच्या पडवीत निजून दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हात आम्ही पश्चिमेच्या किनाऱ्याला पोचलो. एकीकडे मोठा उभा डोंगर, पुढे काळे खडक, सुरूची झाडं, आणि त्यापुढे नुसतं पाणी. सूर्य पाण्यावर हातभर उरलेला. बायकोने आजूबाजूला पाहिलं आणि भरतीच्या रेषेजवळच्या एका उभ्या काळ्या दगडाकडे अगदी ओळखीचं असल्यासारखा हात केला.

"हा बघा, बाबा."

मामा दगडाकडे गेले. त्याच्याभोवती फिरले. बोटाने टकटक केलं. मला वाटलं संपलं. मग ते म्हणाले, "हा नव्हे, बाय. हा नुसता दगड आहे. तो बघ, तिकडचा, वाकडा. तो आहे."

बायकोचा हात तसाच राहिला. आयुष्यात तिला मी गोंधळलेली पाहिली ती त्या दिवशीच.

मामांनी वाकड्या पाषाणापुढची वाळू साफ केली, नारळ ठेवला, मुंडासं सारखं केलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाण्यात एकाने देवाला सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी होय महाराजा म्हणायचं. नाही म्हणायची त्यात सोयच नाही.

"बा महाराजा, आज तुझी लेकरं तुझ्या दारात आली आहेत."

"होय महाराजा," आम्ही म्हणालो.

"इतकी वर्षं तुला कुणी विचारलं नाही, म्हणून तू वाकडा झालास."

"होय महाराजा."

"माझ्या लेकीने आणि जावयाने तुला शोधून काढला. त्यांनी खोटं सांगितलं नाही."

होय महाराजा एकट्या बायकोनेच म्हटलं. मामा मान वळवून माझ्याकडे बघत थांबले. "होय महाराजा," मी म्हणालो.

"आता तू जागा झालास, म्हणजे वर्षाचा नारळ ठरला. तो देणार कोण? लेकीला गाऱ्हाणं घालता यायचं नाही, तिला हसू येतं. जावयाला यायचं नाही, तो घाबरतो. मग या म्हाताऱ्यालाच राहायला पाहिजे, महाराजा. जहाजाचं मनात होतं. पण तुला जागा करून पाठ कशी फिरवू?"

बायको इतक्या जोरात होय महाराजा म्हणाली की सुरूवरचे पक्षी उडाले. मामांनी नारळ फोडला, आणि तेवढ्यात सूर्य पाण्याला टेकला. तो पसरला, लाल झाला, आणि त्या मोठ्या डोंगराच्या अंगावरही तो रंग चढला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण हात जवळ आले होते.

"ठीक आहे," मामा खोबरं चावत म्हणाले. "आमच्याकडे थोडा मोठा असतो."

परतीच्या वाटेवर बायको पुढे गेलेली पाहून मी मामांना सगळं सांगितलं. पास, मुकादम, बैल, सगळं. राखणदार नाहीच, आणि आमच्यामुळे तुमचं जहाज चुकणार. मी त्यांचे पाय धरायला वाकलो, पण ते चालतच राहिल्यामुळे मला वाकूनच त्यांच्या मागे चालावं लागलं.

"सरळ चाला, कंबर धरेल," ते म्हणाले. मग पुढे बघत, "गावात माझं कोण आहे, जावयबापू? भाऊ गेला. घरात त्याची सून. मला बघून ती विचारणार, किती दिवस राहणार?"

"मग नाव का घातलंत?"

"इतकी वर्षं रांगेत बसून बोललो. न घालून तोंड कुठे दाखवू? लेक राहा म्हणाली म्हणून राहिलो, असं सांगितलं तर सगळे हसतील. देवाने अडवलं म्हटल्यावर कोण हसेल? मुकादमाने नवसाचं सांगितलं तेव्हा मला वाटलं, पोरगी हुशार आहे." ते थांबले. "आणि हे तिला सांगायचं नाही. तिला वाटू दे, तिने बापाला फसवलं. खूश आहे ती."

अशा रीतीने एका खोट्याचं ओझं घेऊन गेलो आणि दोन घेऊन परत आलो.

जहाज मामांशिवाय सुटलं. पुढच्या नव्या वर्षाला रांगेतली दोन घरं आमच्याबरोबर आली, त्यानंतर आणखी. आता तर मुकादमही येतो, बैलांसाठी वेगळा नारळ घेऊन. आमची पोरं वाटेवरचा प्रत्येक ओढा ओळखतात आणि मामांनी तिथे काय म्हटलं होतं ते म्हणून दाखवतात. माझी आई आता नाही. तिला एकदा तो किनारा दाखवायला हवा होता.

मामा थकले आहेत. बैलगाडीतून येतात आणि सुरूखाली बसतात. यंदा त्यांनी मला म्हटलं, गाऱ्हाणं तुम्ही घाला. मी पाषाणापुढे उभा राहिलो, मागे सगळी रांग, आणि इतक्या वर्षांचं साठलेलं माझ्याने दाबून ठेववेना.

"बा महाराजा," मी म्हणालो, "तू इथे नव्हतास. आम्ही पाससाठी तुला बनवलं."

"होय महाराजा," सगळे म्हणाले.

"मी मुकादमाला फसवलं, महाराजा."

"होय महाराजा," मुकादम म्हणाला, डोळे मिटून.

"बायकोला वाटतं तिने बापाला फसवलं. ते खरं नाही, महाराजा."

"होय महाराजा," बायको म्हणाली, आणि मग तिने डोळे उघडून आधी माझ्याकडे आणि नंतर सुरूखाली पाहिलं.

मामा समुद्राकडे बघत होते. "लांबवू नका, जावयबापू," ते म्हणाले. "नारळ फोडा. सूर्य चाललाय."