वात नसलेलं निरांजन

माझी आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. लग्न केलं नाही. गिरगावातल्या आमच्याच घरात राहिली. तरुणपणी ती एका कलाशाळेसाठी मूर्तींचे फोटो काढायची. ते समोर ठेवून मुलं रेखाटनं शिकत. कॅमेरा घेऊन देवळं-लेणी हिंडणारी बाई तेव्हा क्वचितच दिसे. शाळा बंद पडली आणि फोटोंचे खोके आमच्या माळ्यावर आले.

आता चाळ पाडणार. भाड्याच्या जागेत माळा नाही. फोटो पुन्हा शिकवण्याच्या कामी यावेत, एवढंच आत्याचं मागणं. म्हणून मी काही फोटो परळच्या एका कलामहाविद्यालयात नेले. तिथल्या बाईंनी ते सावकाश पाहिले.

"प्रकाश सुंदर घेतलाय. पण प्रत्येक मूर्तीपुढे निरांजन आहे हो. पूजेचे फोटो वाटतात. मूर्ती केवढी तेही कळत नाही. शिकवू कशी?"

घरी येऊन मी तसंच सांगितलं. आई उसळली.

"मी तेव्हाच म्हणत होते, वन्सं! दिवेलागणीची वेळ आणि आमचं निरांजन तुमच्या पर्समध्ये, घारापुरीला!"

"वहिनी, एकदा तरी पेटवलेलं दिसतंय का बघा."

मी फोटो पुन्हा पाहिले. एकातही वात नव्हती. सगळीकडे तेच, कडेला पोचा आलेलं, आमच्या देव्हाऱ्यातलं.

"फूटपट्टी लावली की पुजारी ओरडायचे, देवाला माप लावता? निरांजनाला कोण नाही म्हणणार? मग लेण्यांतही तेच नेलं. माप एकच हवं ना!"

"हे शाळेत माहीत होतं?"

"निरांजनाची उंची वर्गाच्या भिंतीवर लिहिली होती. भिंत शाळेबरोबर गेली."

मी निरांजन टेबलावर ठेवून पट्टी उभी धरली. साडेतीन इंच.

"पावणेचार," आत्या म्हणाली. "शून्याच्या खालची कोरी जागा कोण धरणार?"

बरोबर होतं. हिशेबात चूक झाली की मला स्वस्थ बसवत नाही. मी पुन्हा मोजलं, मग बाईंना फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे प्रत्येक मूर्तीची उंची काढता येईल!" त्या म्हणाल्या. "सगळे खोके आणा. आणि ते निरांजनही."

"निरांजन मिळायचं नाही," आई आतून म्हणाली.

आत्या हसली. "वहिनींचं बरोबर आहे. उंची लिहून दे."

मी एकेका फोटोमागे पेन्सिलीने लिहीत बसलो: निरांजन, पावणेचार इंच. अर्धे खोके उरले होते, तेवढ्यात आई हातात वात घेऊन आली.

"झालं का मापून? आण इकडे."