लिमयेसाहेबांचा पक्का दगड

ऑफिसात किस्से कधी साठतात, कळतही नाही. आमचं ऑफिस ऑकलंडला, बॉटनी डाउन्समध्ये. काम जमीन तपासायचं. लिमयेसाहेब आल्यापासून इतके किस्से झालेत, की नव्या माणसाला आम्ही आधी साहेब दाखवतो, मग टॉयलेट!

*

साहेब पुण्याचे. पंचवीस वर्षं काळ्या दगडात काढलेली. पहिल्याच दिवशी साइटवर एक करडा तुकडा उचलून म्हणाले, "बेसाल्ट!"

"मडस्टोन," आमची बॉस ट्रेसी म्हणाली. "चिखल साचून झालेला. नखाने खरवडून बघ."

रेघ उठली. साहेब मला हळूच म्हणाले, "पुण्यात याला आम्ही ढेकूळ म्हणतो हो!"

आणि रिपोर्टात काय लिहिलं? 'अत्यंत मजबूत खडक'!

*

मग ट्रेसीने हातोडी दिली. दगड मजबूत असेल तर ती उसळते. साहेबांनी जोरात हाणली, ती रुतून बसली.

"इकडच्या हातोड्या फारच टोकदार!"

*

मडस्टोन की जरा रवाळ गाळाचा सिल्टस्टोन, हे ठरवायला आम्ही कण दातांत धरतो. करकरला तर सिल्ट. साहेब म्हणाले, "आज माझी चतुर्थी." पुढच्या वेळी गुरुवार. मग प्रदोष.

"हा माणूस उपास करतो तरी कधी?" ट्रेसीने मला विचारलं.

"दगड दिसला की!"

*

आईंना पुण्याहून कायमचं आणायचं म्हणून साहेबांनी घर घेतलं. मागे भिंतीला लागून उभा कापलेला कडा. "तपासून घ्या," मी तीनदा सांगितलं.

"मग मी कोण आहे?"

मला खरंच राग आला. आई सत्त्याहत्तर वर्षांच्या हो!

सामान हलवायच्या दिवशी ट्रक बायकोवर सोपवून साहेब ऑफिसात हजर. लंचला त्यांनी कड्याचा तुकडा टेबलावर ठेवला. "बघा, पक्का!"

"पक्का असेल तर पावसातही तसाच राहील," म्हणत ट्रेसीने तो पाण्याच्या ग्लासात टाकला.

माझी पोळीभाजी संपेपर्यंत त्याला तडे गेले, पापुद्रे सुटले आणि तळाशी नुसता चिखल उरला. कुणीच हसलं नाही.

साहेबांचा फोन वाजला. ते नेहमी स्पीकरवरच बोलतात.

"अहो, ट्रक आला. आईंची कॉट मागच्या खोलीत लावायची ना?"

साहेब ग्लासकडे बघत होते.

"नको. आईची पुढे लाव, रस्त्याकडे. मागे मी झोपतो."