साधं की प्रीमियम

मी घरजावई. आंधळगावात सासऱ्यांचे हातमाग आहेत आणि तिथलं कोशाचं रेशमी कापड साकोलीच्या दुकानांत पोचवायचं काम माझं. त्यासाठी त्यांनी पेट्रोलवर चालणारी लहान पिकअप घेतली. चालवायचो मी, पण टाकीत काय पडायचं ते शेजारी बसलेले मामाजी ठरवायचे. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजीच म्हणतात. पंपावरचा माणूस माझ्याकडे बघून विचारायचा, "साधं की प्रीमियम?" आणि उत्तर यायचं डावीकडून.

गाडीसोबत आलेल्या पुस्तकात साधं पेट्रोल पुरतं असं स्वच्छ लिहिलेलं. मी ते पान त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हलक्या धाग्याचं लुगडं टिकते का?" इंजिन म्हणजे माग नव्हे, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण संध्याकाळी त्यांच्याच घरी जेवायला बसायचं होतं. गिळलं.

मग एकदा त्यांची कंबर धरली आणि मी एकटाच निघालो. पंप येईपर्यंत तो एक शब्द मनात घोळवत होतो. गाडी लावली, काच खाली केली आणि जरा मोठ्यानंच म्हणालो, "साधं."

पंपवाल्यानं सवयीनं प्रीमियमची नळी उचललीच होती. ती तशीच हातात धरून त्यानं विचारलं, "मामाजीले पुसलं का?"

त्याचे कुठून झाले ते मामाजी? मी शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"टाक, तेच टाक," म्हणालो आणि काच वर केली.