अण्णांची पहिली ओळ

नागेशअण्णा कॉम्प्युटरवर कुठलीही यादी सुरू करताना पहिल्या ओळीत सगळी कानडी मुळाक्षरं टाइप करत. कुणी विचारलं तर म्हणत, "यंत्राशी आधी आपली ओळख करून ठेवावी की. उद्या विसरलं तर?" सप्तापुरातल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या कचेरीत यावर सगळे हसायचे. मी जरा जास्तच.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. जुना कॉम्प्युटर जळाला आणि नवा आला, पण त्यातलं कानडी अक्षरं दाखवणारं कार्ड दुसऱ्याच कंपनीचं होतं. निवडलेल्या सदतीस मुलींच्या यादीची फ्लॉपी त्यात घातली, तर आकडे जागच्या जागी आणि नावापत्त्यांच्या जागी भलतीच चिन्हं. कागदी अर्ज वाळवीनं खाल्लेले. सोमवारी प्रवेशाची पत्रं गेली नाहीत, तर या खेड्यांतल्या मुलींच्या जागा दुसऱ्यांना जाणार होत्या.

अण्णांचे डोळे मात्र चमकले. "घाबरतोस काय रे, विनायक! मजा आहे बघ. या कार्डानं प्रत्येक अक्षराला वेगळं चिन्ह दिलंय. आपली पहिली ओळ काढ, कुठलं चिन्ह कुठलं अक्षर ते लगेच कळतंय की. नोडोण, बघूया."

पहिली ओळ नव्हतीच. यादी नीटनेटकी दिसावी म्हणून मीच ती पुसली होती. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

"असू दे," ते म्हणाले. "यादीत ओळखीचं माणूस शोधूया."

तेविसावा अर्ज त्यांच्या भाचीचा, यल्लव्वाचा. तो त्यांनीच भरला होता. तिचं नाव, बापाचं नाव, अळनावरजवळचं गाव आठवून अण्णा वहीत एकेका चिन्हासमोर अक्षर मांडत गेले. त्या अक्षरांवरून शेजारच्या गावांची नावं लागली आणि गावांच्या नावांतून आणखी अक्षरं मिळाली. एखाद्या मुलीचं नाव पुरतं जुळलं की ते टेबलावर थाप मारत, "बारव्वा, बा! ये गं बाई, ये!" दोन दिवस हेच चाललं होतं. सोमवारी पत्रं गेली. सदतीसच्या सदतीस मुली ट्रंका घेऊन आल्या.

ओळ कुणी पुसली, हे अण्णांनी कधीच विचारलं नाही. मलाही सांगायचा धीर झाला नाही, आणि त्याची लाज मला वर्षभर वाटत राहिली.

निवृत्त झाले त्या दिवशी ती वही त्यांनी माझ्या हातात दिली. घरी येऊन उघडली. पहिल्याच पानावर मुळाक्षरांची ओळ होती आणि तिच्याखाली मराठीत लिहिलं होतं, "ही ओळ पुसू नये. विनायक, तुलाच सांगतोय."

खाली तारीख होती. ज्या दिवशी मी खिडकीबाहेर पाहत होतो, त्याच दिवसाची.