न मिटणारा चाकू

रेवदंड्याची नीराबाई दर मोसमाला बाजारातून चाळीस रुपयांचा घडीचा चाकू आणते आणि वापरायच्या आधी त्याचा सांधा आठवडाभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवते. असल्या स्वस्तातल्या चाकूला खटका नसतो. बोंबील वाळवायच्या दोऱ्या कापताना पातं अचानक मिटतं; तिच्या अंगठ्यावर त्याची जुनी खूण आहे. सांधा गंजून धरला, की चाकू उघडा तो उघडाच राहतो. मग पातं दगडावर घासलं, की मोसमाची निश्चिंती.

या खेपेला तिची सून किशोरी वैतागली. “आय, मिटायचाच न्हाय, तर घडीचा कशाला घ्यायचा? चांगली सुरी आणू ना एखादी.”

नीराबाई दोरी कापत राहिली. चांगल्या सुऱ्या तिनं काय कमी आणल्या होत्या? एक नवऱ्यानं होडीवर नेली, दुसरी लेकानं. तिसरी तर किशोरीच्याच ओट्यावर होती. घरात जे चांगलं येईल ते सगळ्यांचं.

“ह्या गंजक्याला कुनी हात लावत न्हाय,” ती म्हणाली.

किशोरीनं नुसतं बघायला म्हणून हात पुढे केला, तर नीराबाईनं चाकू पटकन आपल्याकडे ओढून घेतला.