आईला कोरा चहा पाजताना

डॉक्टरांनी आईला दूध बंद केलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. आतड्यांना झेपत नाही, चहात थेंबभरसुद्धा नको, असं त्यांनी बजावलं होतं. बाईसाहेबांनी मुकाट मान डोलावली, मुलुंडला घरी आल्या आणि दुसऱ्याच दिवशी समोरच्या काकूंकडे जाऊन वाफाळता दुधाचा चहा ढोसून आल्या. झालं! पोट बिघडलं, सलाईन लागलं, अंगात उभं राहायचं त्राण उरलं नाही. "पुन्हा असं झालं तर या वयात निभावणं कठीण आहे," डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं.

मी घाटकोपरच्या बाजारातून चांगल्यातली चहापत्ती आणली आणि तिला समजावत बसले. अगं, दुधानं चहाची चव झोपते. कोरा पिऊन तर बघ. पहिल्याच घोटाला जिभेच्या कडा चुरचुरतात, मग हिरड्यांना किंचित तुरट लागतं आणि गिळलं की तोंडाला परत पाणी सुटतं. पेंगणारा माणूस टुणकन उठून बसेल इतका तरतरीत असतो गं! मी अगदी जाहिरातवालीसारखी बोलत होते.

"बरं," ती म्हणाली. आणि केला कसा? पातेल्यात पत्ती, आलं, गवती चहा कोंबून रटारटा उकळला, दुधाचा उकळतात तसा! काळाकुट्ट काढा झाला नुसता. "हा तुझा तरतरीत? कडू जहर आहे," म्हणत तिनं तो मोरीत ओतला. काय बोलणार, कप्पाळ!

दुसऱ्या दिवशी मीच केला. उकळतं पाणी पत्तीवर ओतलं, झाकण ठेवलं, गाळला. कपात लख्ख तांबूस रंग उतरला होता. तिनं तो हातात घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला.

"मला नको."

"पण का? चव तरी बघ ना!"

"तुझे बाबा गेले तेव्हा घरात गॅस पेटवला नव्हता. शेजारणी किटली भरभरून हाच आणायच्या. कोणी गेलं की घरात कोरा चहा येतो. आता तू माझ्यापुढे ठेवतेस. गेलंय कोण?"

इतके दिवस ही बाई हे पोटात ठेवून बसली होती आणि मी तिला तुरटपणा समजावत होते! माझं डोकंच फिरलं.

"तू जाऊ नयेस म्हणून देतेय गं! कळत कसं नाही तुला? तू गेलीस तर मी कोणावर ओरडू?" मी किंचाळले आणि मला रडूच फुटलं.

आईनं कप उचलला, चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि फुर्र करून सगळा संपवला.

"ओरडू नकोस, काकू ऐकतील," ती म्हणाली. "आणि उद्यापासून दोघींचा कर. एकटीनं मी हा पिणार नाही."